आधी छप्पर, मग रंग: शाळेच्या दुरुस्तीत गावाचं म्हणणं कसं घ्यावं

मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. बाहेरून मात्र चांगली जाडजूड होती, कुलूप घालायला. चौथीतली एक मुलगी मला हाताला धरून ते दाखवायला घेऊन गेली, तेव्हा शेजारच्या वर्गात शाळा व्यवस्थापन समितीची सभा चालू होती. लोकवर्गणीच्या पैशांतून प्रवेशद्वाराची कमान कशी उभारायची, यावर तासभर बोलणं झालं होतं. "आम्ही दोघी-दोघी जातो," ती म्हणाली. "एक आत, एक बाहेर दार धरून." मैत्रीण शाळेत आली नाही तर काय करतेस, असं विचारलं. "मग त्या दिवशी पाणी नाही पीत."

त्या सभेत बसलेली सगळी माणसं शाळेवर जीव असलेली होती. पदरचे पैसे घालणारी होती. पण दार धरून उभं राहायची वेळ त्यांच्यातल्या कुणावर कधी आलीच नव्हती, मग त्यांना ते सुचणार कुठून? कडी त्याच दिवशी संध्याकाळी बसली. दोनशे रुपयेही लागले नाहीत.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, आधी शिक्षक म्हणून आणि शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख म्हणून. त्या काळात दुरुस्तीचे कितीतरी प्रस्ताव हातांखालून गेले. बहुतेक प्रस्ताव दोन-तीन माणसांनी एका बैठकीत लिहिलेले असत आणि जवळजवळ प्रत्येकात रंगरंगोटी असे. गळणारा कोपरा, पावसात करंट मारणारी भिंत, चाकाच्या खुर्चीला न चढणारा उतार हे त्यात क्वचितच दिसे, कारण ते रोज सोसणाऱ्याला कुणी विचारलेलं नसे. तुमच्या गावात शाळेच्या दुरुस्तीचं घाटत असेल, तर पुढचं वाचा. तुम्ही समितीचे सदस्य असा, शिक्षक असा, ग्रामपंचायतीत असा किंवा नुसते पालक असा, यातलं बरंचसं तुम्हाला करता येईल.

गावाला विचारणं ही कुणाची मेहरबानी नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने, जो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, असं घालून दिलं आहे. शाळा विकास आराखडा तयार करणं हे याच समितीचं काम आहे. शाळेत काय असलंच पाहिजे हे कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे: ऊन-पावसात टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, अडथळ्याविना प्रवेश, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, आहार शिजवायला स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. हे परिशिष्ट एका मोठ्या कागदावर लिहून शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावा. लोक ते वाचतात आणि बोलू लागतात. "आपल्याला हे मिळायलाच हवं होतं होय?" हे वाक्य मी कितीतरी गावांत ऐकलं आहे.

शाळाफेरी पावसातच

सभा बोलावण्याआधी फेरी काढा. गावाच्या विकास आराखड्यासाठी शिवारफेरी काढतात, तशीच शाळाफेरी. आणि ती जोराचा पाऊस चालू असताना, किंवा दोन दिवस संततधार लागल्यावर काढा. फेब्रुवारीत इमारत पाहायला गेलात तर सगळं ठीकच दिसतं. स्लॅबमध्ये पाणी मुरतं आणि ते बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाली उतरतं. पाऊस उघडल्यावर वर्ग गळतोय, असं मुलं सांगतात तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवा. गच्चीचा उतार बुजलेला असतो, पन्हळीत पिंपळाचं रोप रुजलेलं असतं, कौलं सरकलेली असतात, पत्र्याच्या हुकाभोवतीचं वॉशर कुजलेलं असतं. खालून हे काहीच दिसत नाही, थेंब मात्र दिसतो.

फेरीला जाताना खडू सोबत घ्या. जिथे थेंब पडतो तिथे फरशीवर गोल काढा, त्यात तारीख लिहा आणि फोटो काढून ठेवा. भिंतीवर ओल जिथपर्यंत चढली आहे तिथे पेन्सिलीने रेघ मारा, तिच्याशेजारीही तारीख. तड्याचं असंच. तड्याच्या दोन्ही टोकांना खूण करा आणि मध्ये तड्यावर आडवा, बोटभर रुंदीचा सिमेंटचा पातळ पट्टा लावून ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी पाहा. पट्टा अखंड असेल तर तडा बहुधा जुना, थंडावलेला आहे. पट्टा तडकला असेल तर भिंत हलते आहे, आणि मग अभियंत्याला बोलवायला उशीर करू नका. गवंडीकाम करणारे पालक प्रत्येक गावात असतात. त्यांना फेरीत मानाने घ्या. तडा गिलाव्यापुरता आहे की भिंतीतून गेलाय, हे बोटाने ठोकून तेच सांगतात.

दुसरी फेरी उन्हाळ्याच्या तोंडाशी, चैत्रात काढा. पाण्याची टाकी तेव्हा कोरडी पडलेली दिसेल आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता किती वेळ बसवतं तेही कळेल. फेरीतल्या मोठ्यांनी त्या वेळी मुलांच्या बाकावर निदान पंधरा मिनिटं बसावं.

कुणाला विचारायचं

जे सभेला येतात त्यांना विचारणं सोपं आहे. जे येत नाहीत, त्यांच्याकडे आपण जायचं.

पहिल्यांदा आहार शिजवणाऱ्या ताईंकडे जा. सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत येणाऱ्यांपैकी त्या एक. धूर कुठून कोंडतो, पाणी किती लांबून आणावं लागतं, तांदळाच्या पोत्याला ओल कुठल्या भिंतीने लागते, उंदराची बिळं कुठे आहेत, सगळं त्यांना ठाऊक असतं. एका शाळेत कार्यालयाच्या कपाटातली दप्तरं भिजत होती आणि गळती कुठून होते ते कुणाला उमजत नव्हतं. ताई म्हणाल्या, "वरच्या टाकीचा पाइप फुटलाय. मोटर चालू केली की भिंत ओली होते, पाऊस असो-नसो." दोन वर्षं स्लॅबवर खर्च करण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. स्लॅब धड होता.

मग मुलांची बालसभा घ्या. तिथे त्यांचे वर्गशिक्षक नसावेत, कारण शिक्षकांसमोर मुलं शाळेची तक्रार करत नाहीत. लहानांना शाळेचं चित्र काढायला सांगा आणि जिथे जायला भीती वाटते तिथे लाल रंग, जिथे आवडतं तिथे हिरवा रंग भरायला सांगा. दहा-पंधरा चित्रं एकाशेजारी एक ठेवलीत की लाल ठिपके एकाच जागी जमलेले दिसतील. मोठ्या मुलींशी एखाद्या ताईने, शक्यतो आशाताईंनी किंवा अंगणवाडी सेविकेने वेगळं बोलावं. पाळीच्या दिवसांत शाळेत काय होतं, हा प्रश्न पुरुषांच्या बैठकीत कधीच निघत नाही. मुलींची गैरहजेरी मात्र हजेरीपटावर लिहिलेली असते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं म्हणणं घ्यायचं असेल तर ते दिवाळीच्या आधी घ्या. टोळ्या निघाल्या की वस्ती रिकामी होते आणि आराखडे नेमके त्याच महिन्यांत ठरतात. तांड्यावर, वाडीवर, गावकुसाबाहेरच्या वस्तीत सभा तिथल्याच चावडीवर किंवा झाडाखाली घ्या. बाजारचा दिवस टाळा. बायकांना सकाळी दहा वाजता बोलावलंत तर त्या मजुरी बुडवून कशा येणार? बचत गटाची महिन्याची बैठक ठरलेली असते, तिथे अर्धा तास मागून घ्या.

अपंग मूल असलेल्या घरी स्वतः जा. उतारावरून चाकाची खुर्ची सुखाने चढायची तर एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबीचा उतार लागतो. आपल्याकडे पाच-सहा फुटांत तो उरकून टाकलेला दिसतो. कागदावर 'रॅम्प उपलब्ध' अशी नोंद होते आणि आजी नातवाला कडेवर घेऊन पायऱ्या चढते. त्या आजींना विचारल्याशिवाय तुमची पाहणी पुरी झाली असं मी म्हणणार नाही.

प्रश्न कसे विचारायचे

"शाळेला काय काय पाहिजे?" असा प्रश्न विचारू नका. उत्तरात यादी येते: संगणक, कमान, पेव्हर ब्लॉक, डिजिटल फलक. ज्याने जे दुसऱ्या गावात पाहिलं ते तो मागतो. त्याऐवजी झालेलं विचारा. मागच्या पावसाळ्यात किती दिवस वर्ग दुसरीकडे भरवावा लागला? तुमचं मूल शाळेत पाणी पितं की घरून बाटली नेतं? स्वच्छतागृहाला कुलूप असतं का, आणि किल्ली कुणाकडे असते? गेल्या वर्षात शाळेच्या आवारात कुणाला लागलं, पडलं, करंट बसला? शाळेच्या कोणत्या भागात मुलाला पाठवायला तुमचं मन धजत नाही? अशा प्रश्नांना लोक थेट घडलेली गोष्ट सांगतात, आणि प्रस्ताव घडलेल्या गोष्टीवरच उभा राहतो. 'इमारत मोडकळीस आली आहे' या वाक्याने अधिकाऱ्याचं काही हलत नाही. 'जुलै महिन्यात नऊ दिवस दुसरीचा वर्ग व्हरांड्यात बसवला, तारखा सोबत जोडल्या आहेत' यावर त्याला उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न आठ-दहाच ठेवा, बोलीभाषेत ठेवा, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं उत्तर शेजारी बसून लिहून घ्या. नाव लिहायची सक्ती नको. गावात कुणाचा मेहुणा ठेकेदार असतो, कुणाचा भाऊ सदस्य. नाव लिहावं लागलं की माणूस गप्प होतो.

जिवाचा प्रश्न मताला टाकू नका

इथे जरा थांबून सांगतो, कारण चांगल्या हेतूने काम करणारी गावंही इथे चुकतात. सगळी माहिती जमली की तिचे दोन ढीग करा. एका ढिगात ज्याने मुलाचा जीव जाऊ शकतो ते. दुसऱ्यात बाकी सगळं. पहिल्या ढिगावर चर्चा नाही, मतदान नाही, 'यंदा निभावून नेऊ' नाही.

25 जुलै 2025 रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात सकाळी शाळेची इमारत कोसळली आणि सात मुलं गेली. आपल्याकडे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडीत ऑगस्ट 2017 मध्ये पावसात जिल्हा परिषद शाळेचं छप्पर पडून मुलांचा बळी गेला. पडण्याआधी इमारती बहुधा खुणा देतात. स्लॅबचे पोपडे पडून गंजलेल्या सळ्या उघड्या पडणं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला आणि रुंदावत जाणारा तडा, कालपर्यंत सहज लागणारं दार अचानक अडकू लागणं, वाळवीने पोखरलेले वासे, पावसात ओल्या भिंतीला हात लावल्यावर मुंग्या येणं, कललेली कुंपणाची भिंत. या शेवटच्या भिंतीकडे फार दुर्लक्ष होतं. मुलं तिच्याच सावलीत डबे खातात.

यातलं एकही दिसलं तर त्या खोलीत मुलांना बसवणं त्याच दिवशी थांबवा. दाराला कुलूप घाला आणि मोठ्या अक्षरांत 'धोकादायक, आत जाऊ नये' असं लिहा. वीज असेल तर मुख्य बटण बंद करा. वर्ग समाजमंदिरात, देवळाच्या सभामंडपात, अंगणवाडीत, कुठेही भरवा. त्याच दिवशी मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या, प्रत ग्रामपंचायतीला आणि पंचायत समितीच्या बांधकाम विभागाला. खोली दुरुस्त होण्यासारखी आहे की तिचं निर्लेखन करायचं, हे अभियंता ठरवील. ते गावाच्या बहुमताने ठरत नसतं, आणि 'माझ्या आजोबांच्या हातची भिंत आहे, शंभर वर्षं टिकेल' या शब्दावरही ठरत नसतं. निर्लेखनाची मंजुरी येण्याआधी स्वतः पाडापाडी करू नका. इमारत जिल्हा परिषदेची मालमत्ता आहे, आणि पाडण्याच्या कामात माणसं दगावतात.

याची उलट बाजूही सांगायला हवी. जुनं म्हणजे धोकादायक, असं मुळीच नाही. दगडी भिंतीच्या, उंच कौलारू छपराच्या जुन्या शाळा वेळच्या वेळी कौलं चाळली आणि वासे बदलले तर आजही थंडगार आणि भक्कम आहेत. त्यांच्या शेजारी अलीकडे बांधलेले स्लॅब मी वीस वर्षांत गळताना पाहिले आहेत. नवीन इमारतीच्या हौसेपायी धडधाकट जुनी शाळा पाडू देऊ नका.

चिंचोक्यांनी ठरवलेला क्रम

दुसऱ्या ढिगातल्या कामांचा क्रम मात्र गावानेच लावायचा. त्यासाठी मी वापरलेली आणि दरवेळी उपयोगी पडलेली रीत सांगतो. प्रत्येक कामासाठी एक डबा मांडा. डब्यावर कामाचं नाव आणि चित्र दोन्ही चिकटवा, शिवाय अंदाजे खर्च. खर्च लिहिणं फार महत्त्वाचं आहे. किंमत माहीत नसताना माणूस इच्छा सांगतो, किंमत कळली की निवड करतो. आकडा गावातल्या मिस्त्रीकडून किंवा शाखा अभियंत्याकडून आधी घेऊन ठेवा. मग येणाऱ्या प्रत्येकाला पाच बिया द्या: पुरुषांना चिंचोके, बायकांना मक्याचे दाणे, मुलांना वालाच्या बिया. हव्या त्या डब्यात हव्या तितक्या टाका म्हणावं. सगळ्या एकात टाकल्या तरी चालतील.

डबे सगळ्यांसमोर उघडा आणि तीनही प्रकारच्या बिया वेगवेगळ्या मोजा. एका गावात असं झालं की कुंपणाच्या डब्यात चिंचोकेच चिंचोके, आणि हात धुण्याच्या नळांच्या डब्यात मका आणि वाल, चिंचोका एकही नाही. सभेत शांतता पसरली. मग एक आजोबा म्हणाले, "नळ आधी करा. कुंपणाला आम्ही घायपात लावतो." एकूण बेरीज केली असती तर कुंपणच जिंकलं असतं. म्हणून बेरीज सगळ्यात शेवटी करा, आधी फरक दाखवा.

या क्रमाला एकच बंधन घाला, आणि ते पाण्याचं. दुरुस्ती पाण्याच्या वाटेने वरून खाली करायची: छप्पर, पन्हळ, भिंत, पायाभोवतालचा निचरा, फरशी, आणि सगळ्यात शेवटी रंग. ओल्या भिंतीला लावलेला रंग एका पावसाळ्यात सुटतो आणि त्यासोबत वर्गणी देणाऱ्याचा विश्वासही सुटतो.

पैसा आणि कागद

समग्र शिक्षाच्या निकषांप्रमाणे शाळेला पटसंख्येनुसार संयुक्त अनुदान मिळतं: तीस पटापर्यंत 10 हजार रुपये, शंभरापर्यंत 25 हजार, अडीचशेपर्यंत 50 हजार, हजारापर्यंत 75 हजार. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेसाठी असतो. यातून कड्या, नळ, वायरिंगची डागडुजी, कौलं चाळणं होईल. स्लॅब होणार नाही, तेव्हा त्या आशेवर राहू नका. पाणी आणि स्वच्छतागृहासाठी ग्रामपंचायतीकडे जा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता, आणि शाळेचे नळ व स्वच्छतागृह त्यात बसत होते. पुढच्या अनुदानात बंधित निधी किती आहे ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या. मोठ्या दुरुस्तीसाठी आणि नव्या खोल्यांसाठी वाट जिल्हा परिषद, जिल्हा नियोजन समिती आणि आमदार-खासदार निधीकडे जाते, आणि त्यासाठी बांधकाम विभागाचं अंदाजपत्रक लागतं.

गावाचा पुढच्या वर्षाचा आराखडा ठरवायची लगबग साधारणपणे 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. म्हणजे पावसातली फेरी, बालसभा, चिंचोके हे सगळं सप्टेंबरअखेर उरकलेलं हवं. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा होते, तिथे विषय आधी मांडा. ठराव झाला की त्याची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. पत्र कुठेही द्या, पोच घ्या. आवक क्रमांक आणि तारीख नसलेल्या पत्राला कार्यालयात काही किंमत नसते. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात प्रस्तावाची सद्यःस्थिती विचारता येते, आणि तीस दिवसांत माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे. भांडण न करता, नेमाने, तारखा लिहून पाठपुरावा करणाऱ्या गावांची कामं झालेली मी पाहिली आहेत.

आणि ज्यांना विचारलंत त्यांना परत सांगा. शाळेच्या भिंतीवर एक तक्ता लावा: कोणतं काम, कुणाकडे पत्र दिलं, कधी, पुढे काय झालं. जे जमणार नाही ते का जमणार नाही, हेही त्यावर लिहा. माणसं नकार समजून घेतात. विचारून गप्प बसलेलं मात्र समजून घेत नाहीत, आणि पुढच्या वेळी सभेला येत नाहीत. बालसभेत मुलांनी जे सांगितलं त्याचं उत्तर मुलांना परिपाठात द्या.

तुमच्या समितीची बैठक यंदा झाली नसेल, अध्यक्ष कोण हे माहीत नसेल, तरी फेरी काढायला कुणाची परवानगी लागत नाही. मुख्याध्यापकांना सांगा, दोन पालक सोबत घ्या. येत्या पावसाळ्यात दोन दिवस झड लागली की तिसऱ्या दिवशी सकाळी खडू खिशात टाकून शाळेत जा.